ख्रिस्तजन्म आणि कृपादान : मराठी मुलुखांतील चारशें वर्षांचा मागोवा

ज्युबिली हा शब्द मूळचा इस्राएल लोकांचा. मोशेच्या नियमशास्त्रांत असें सांगितलें आहे कीं, सात वेळां सात वर्षें लोटलीं म्हणजे पन्नासावें वर्ष सुटकेचें वर्ष म्हणून पाळावें. त्या वर्षीं प्रायश्चित्ताच्या दिवशीं शिंग फुंकून देशभर द्वाही फिरवावी. कर्जापायीं गेलेली वडिलोपार्जित जमीन मूळ घराण्यास परत मिळावी. आणि पोटासाठीं दुसऱ्याच्या घरीं राबणारा मनुष्य आपल्या मुलांबाळांसह स्वकुळांत परत जावा. यांत लक्षांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, ऋणकोनें ऋण फेडलें म्हणून त्याची सुटका होत नसे. देवानें नेमलेलें वर्ष उजाडलें म्हणून होत असे. सुटका आधीं आणि उपकारस्मरण मागाहून, असा हा क्रम होता.

हिंजवडी परिसरांतील आपल्या धर्मकुटुंबाच्या ज्युबिलीनिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेंत देवळाचा, देणग्यांचा व कार्यकर्त्यांचा वृत्तांत इतर लेखांतून येईलच. आम्ही मात्र वाचकांचें लक्ष या क्रमाकडे वेधूं इच्छितों. बेथलेहेमच्या गोठ्यांत जें घडलें त्याचें मर्म त्यांतच आहे, आणि मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती समाजाचा चारशें वर्षांचा इतिहासही तोच धडा पुनःपुन्हां देत आला आहे. हा क्रम उलटा केला कीं धर्माचा व्यापार होतो.

संत लूक यानें दिलेला जन्मवृत्तांत आपणां सर्वांस तोंडपाठ आहे. परंतु तोंडपाठ असलेली गोष्टच पुष्कळदां नीट ऐकली जात नाहीं. औगुस्त कैसराच्या हुकुमावरून नांवनोंदणी चालली होती. सरकारी दप्तरांत नांव लिहविण्यासाठीं योसेफ नाझरेथहून यहूदियांतील बेथलेहेमास गेला. बरोबर मरिया होती, आणि तिचे दिवस भरत आले होते. उतारशाळेंत जागा मिळाली नाहीं. बालकास गव्हाणींत निजवावें लागलें. जगाच्या बाजूनें स्वागताची तयारी अशी कांहींच नव्हती. पहिली वर्दी ज्यांना मिळाली ते रानांत रात्रीं मेंढरें राखणारे धनगर होते. त्यांनीं त्या रात्रीसाठीं कोणतें व्रत केलें नव्हतें, कोणतें अनुष्ठान मांडलें नव्हतें. ते आपल्या कळपाची राखण करीत बसले होते, इतकेंच.

संत मत्तय यानें शुभवर्तमानाच्या आरंभीं प्रभूची वंशावळ दिली आहे. सामान्य वाचक ती नांवांची यादी ओलांडून पुढें जातो. त्या यादींत पवित्र मरियेखेरीज चार स्त्रियांचा निर्देश आहे: तामार, राहाब, रूथ आणि उरियाची पत्नी. राहाब ही यरीहोची वेश्या, रूथ ही परक्या मवाब देशाची, आणि उरियाच्या पत्नीचा उल्लेख होतांच दावीद राजाचें घोर पातक डोळ्यांपुढें उभें राहतें. एखाद्या राजघराण्याच्या बखरकारानें अशीं नांवें झांकून ठेविलीं असतीं. मत्तयानें तीं लिहिलीं. कारण ज्यांना तारावयाचें त्यांच्याच कुळांत तारणारा जन्मास आला. त्यानें कूळ शुद्ध होण्याची वाट पाहिली नाहीं.

हें सत्य पवित्र सभेस नेमक्या शब्दांत बसवावयास बराच काळ लागला. पांचव्या शतकाच्या आरंभीं पेलाजियस नांवाचा ब्रिटनकडील एक विरक्त रोम शहरांत उपदेश करीत असे. आचरणानें तो कडक होता. त्याच्या शिकवणीचें सार असें कीं, मनुष्य आपल्या इच्छाशक्तीच्या बळावर निष्पाप जगूं शकतो. ख्रिस्तानें कित्ता घालून दिला आहे, तो गिरविला म्हणजे झालें. हें मत दिसावयास सोज्ज्वळ आहे, परंतु त्यानें गव्हाण रिकामी होते. केवळ कित्ताच हवा होता, तर देवाच्या पुत्रानें आमचा देह कां धारण करावा? हिप्पोचे बिशप संत ऑगस्टीन (३५४–४३०) यांनीं या मताचा आयुष्याच्या उत्तरार्धांत नेटानें प्रतिकार केला. स्वबळावर पापांतून सुटण्याची धडपड किती व्यर्थ असते, हें त्यांना तरुणपणींच कळून चुकलें होतें. ४१८ सालीं कार्थेजच्या धर्मसभेनें पेलाजियसचें मत त्याज्य ठरविलें. ५२९ सालीं ऑरेंज येथील सभेनें आणखी एक पाऊल पुढें टाकून सांगितलें कीं, विश्वासाचा आरंभ, किंबहुना देवाकडे वळावें ही पहिली इच्छासुद्धां, कृपेचेंच दान होय.

सोळाव्या शतकांत युरोपांत हाच वाद पुन्हां पेटला, तेव्हां ट्रेंटच्या महासभेनें १३ जानेवारी १५४७ रोजीं आपला निर्णय जाहीर केला. कृपा आधीं येते, मनुष्याच्या कोणत्याही पुण्याईनें ती विकत घेतां येत नाहीं, हें तींत स्पष्ट आहे. त्याचबरोबर मनुष्य म्हणजे निर्जीव दगड नव्हे. त्यानें त्या कृपेस होकार द्यावयाचा असतो, आणि तो होकारही कृपेच्याच आधारानें द्यावयाचा असतो, हेंही तींत सांगितलें आहे. देवदूताला मरियेनें दिलेला होकार हें त्याचें सर्वांत निर्मळ उदाहरण आहे.

ट्रेंटच्या या निर्णयास सत्तर वर्षें पुरीं होण्यापूर्वींच तारणाची ही कथा मराठी ओंवींत उतरली. फादर थॉमस स्टीफन्स यांचा जन्म इंग्लंडांतील विल्टशर परगण्यांत झाला. त्या देशांत कॅथोलिकांवर कठीण दिवस आले असतां ते रोमला गेले, १५७५ सालीं येशूसंघांत दाखल झाले आणि १५७९ च्या ऑक्टोबरांत गोव्यास उतरले. पुढील सुमारें चाळीस वर्षें त्यांनीं बहुतांशीं साष्टीच्या खेड्यांत घालविलीं आणि १६१९ सालीं ते गोव्यांतच निवर्तले. त्यांचें 'ख्रिस्तपुराण' १६१६ सालीं राशोल येथें रोमन लिपींत छापून निघालें. सुमारें अकरा हजार ओंव्यांचा हा ग्रंथ आहे. त्याच्या मूळ पोर्तुगीज शीर्षकाचा आशय पाहण्यासारखा आहे: आमचा तारणारा येशू ख्रिस्त याच्या जगांत येण्याविषयींचें प्रवचन. मनुष्य देवापर्यंत कसा चढला हा या ग्रंथाचा विषय नव्हे. देव मनुष्यापर्यंत कसा आला, हा आहे.

ग्रंथाची मांडणीही त्यास धरूनच आहे. पहिल्या पुराणांत सृष्टीची उत्पत्ति, आदाम व एवा यांचें पतन आणि इस्राएलाची दीर्घ प्रतीक्षा येते. दुसऱ्यांत प्रभूचा जन्म, कार्य, मरण व पुनरुत्थान येतें. मनुष्याचें पतन आणि देवाचें आगमन यांमध्यें मनुष्याच्या पराक्रमाचें तिसरें पुराण नाहीं. ओंवीचा छंद श्रोत्यांच्या कानांस ओळखीचा होता, आणि स्वर्गास 'वैकुंठ' म्हणण्यास ग्रंथकार कचरले नाहींत. दूर देशाहून आलेल्या माणसानें आपली भाषा बाजूस ठेवून दुसऱ्याच्या भाषेंत शिरावें, हें स्वतः नाताळचेंच अनुकरण आहे. शब्द देही झाला, तो कोणत्या तरी घरांत, कोणत्या तरी भाषेंतच होणार.

या ग्रंथाच्या आरंभीं एक निमित्तकथा आहे. धर्मशिक्षण चाललें असतां एका श्रोत्यानें सुचविलें कीं, आमचीं पूर्वींचीं पुराणें तुम्ही बंद केलीं, तर त्या जागीं आमच्या भाषेंत दुसरें कांहीं द्या. त्या बंदीमागें राजसत्तेचा हात होता, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. गोव्यांत इन्क्विझिशनचें न्यायालय १५६० सालीं स्थापन झालें आणि तें १८१२ सालीं कायमचें बंद झालें. १६८४ सालीं पोर्तुगीज राजप्रतिनिधीनें लोकभाषेच्या वापराविरुद्ध हुकूम काढला. कृपेच्या सिद्धांतानें पाहिलें तर या दोन गोष्टी एकत्र नांदूं शकत नाहींत. दान बळानें देतां येत नाहीं. बळ आलें कीं त्याचें दान हें रूप जातें आणि तो कर होतो. ख्रिस्तपुराणाच्या १६१६, १६४९ व १६५४ या तीन छापील आवृत्त्यांपैकीं एकीचीही प्रत आज उपलब्ध नाहीं. परंतु लोकांनीं ग्रंथ हातानें उतरून घेतला, कुटुंबांतून वाचला, आणि त्या हस्तलिखितांच्या आधारें १९०७ सालीं मंगळुरास जोसेफ सालदान्हा यांनीं तो पुन्हां छापविला. १९५६ सालीं शांताराम बंडेलू यांनीं तो पुण्याहून देवनागरींत प्रसिद्ध केला. हुकूम काढणारी सत्ता गेली. प्रेमानें दिलेली ओंवी मात्र राहिली.

गोव्याच्या उत्तरेस वसई प्रांतानेंही तीच साक्ष दिली आहे. १५३४ सालीं गुजरातच्या सुलतानाकडून वसई पोर्तुगीजांच्या हातीं गेली आणि १७३९ सालीं चिमाजीअप्पांनीं ती जिंकली. राज्याबरोबर धर्महि निघून जाईल, असें कोणासही वाटावें असा तो प्रसंग होता. किल्ल्यांतील मोठमोठे मठ व देवळें ओस पडलीं; त्यांचे भग्नावशेष आजही पाहावयास मिळतात. तथापि बागाईत करणारीं व समुद्रावर जाळें टाकणारीं ख्रिस्ती कुटुंबें आपल्या गांवींच राहिलीं. त्यांच्या घरीं नाताळ होतच राहिला. १९९८ सालीं त्याच भूमींत वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला. राजाश्रय ही कृपेची अट असती, तर १७३९ नंतर वसईंत गोठा सजविण्यास कोणी उरलें नसतें.

आणि इतिहासाची गंमत अशी कीं, ज्या पेशवाईच्या फौजेनें वसई घेतली, त्याच पेशवाईनें पुढें त्रेपन्न वर्षांनीं देवळासाठीं जमीन दिली. १७९२ सालीं, सवाई माधवरावांच्या कारकीर्दींत, पेशव्यांच्या चाकरींतील ख्रिस्ती लोकांना पुण्यांत उपासनेसाठीं जागा मिळाली. नाना पेठेंत क्वार्टर गेटजवळ असलेलें व सिटी चर्च या नांवानें प्रसिद्ध असलेलें देऊळ तें हेंच. तें अमलोद्भव मातेस वाहिलेलें आहे. अमलोद्भवाचा सिद्धांत पोप नववे पायस यांनीं १८५४ सालीं जाहीर केला, म्हणजे पुण्याच्या ख्रिस्ती जनांनीं आपलें पहिलें देऊळ या नांवास वाहिलें त्यानंतर बासष्ट वर्षांनीं.

या सिद्धांताचा अर्थ पुष्कळांच्या ध्यानांत नीट येत नाहीं. तो मरियेच्या उदरीं प्रभु आला त्या घटनेविषयीं नाहीं. मरिया स्वतः आपल्या मातेच्या उदरीं आली, त्या क्षणाविषयीं आहे. त्या पहिल्या क्षणापासून देवानें तिला मूळपापापासून अलिप्त राखिलें, आणि तेंही पुढें क्रुसावर मरणाऱ्या तिच्या पुत्राच्या पुण्याईनें. तिनें अद्याप एकही प्रार्थना केली नव्हती, एकही सत्कृत्य केलें नव्हतें. तिचा होकारही अजून वर्षानुवर्षें दूर होता. तारण तिलाही हवें होतें, आणि तें तिला सर्वांच्या आधीं मिळालें. कृपा आधीं, हें सांगणारी याहून स्पष्ट गोष्ट नाहीं. आणि पुण्याच्या कॅथोलिक जनांचा इतिहास याच नांवाच्या देवळापासून सुरू होतो.

पोप तेरावे लिओ यांनीं १८८६ सालीं पुणें धर्मप्रांत स्थापन केला. त्याच सुमारास जर्मनीकडील येशूसंघीय धर्मगुरु तेव्हांच्या अहमदनगर, आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील खेड्यांत काम करीत होते. आमच्या वाचकांपैकीं अनेकांचे पणजोबा-पणजी त्या खेड्यांतले. १८७६–७८ च्या दुष्काळानें होरपळलेल्या त्या मुलुखांत जे बाप्तिस्मा घेत, त्यांस भाकरीसाठीं बाटलेले म्हणून हिणविलें जाई. हा टोमणा अजूनही अधूनमधून कानीं येतो, आणि आपल्यांतील तरुणांस तो बोंचतो. त्यांस आम्ही इतकेंच सांगूं कीं, बेथलेहेम या नांवाचा अर्थच भाकरीचें घर असा आहे. भुकेला मनुष्य भाकरीच्या घरीं आला, यांत लाज कसली? गव्हाणीपाशीं भरल्या हातांनीं आलेले फक्त ते तीन भेटी आणणारे ज्ञानी. त्यांच्या आधीं रिकाम्या हातांचे धनगर येऊन गेले होते. आणि देवाला गांवांत जागा मिळाली नाहीं म्हणून तो गोठ्यांत जन्मला, हें गांवकुसाबाहेर राहणाऱ्या माणसांस फोडून सांगावें लागलें नसेल.

त्याच जिल्ह्यांतील केंदळ येथून १९०३ सालीं फादर हेन्री डोरिंग यांनीं 'निरोप्या' हें मासिक सुरू केलें. पुढें १९०७ सालीं ते पुण्याचे बिशप झाले. नांव मोठें अर्थपूर्ण आहे. निरोप्या निरोप आणतो. तो निरोप स्वतः रचीत नाहीं, किंवा ऐकणाऱ्याची पात्रताही पाहत नाहीं. बेथलेहेमच्या रानांत देवदूतानें हेंच काम केलें.

या ठिकाणीं प्रॉटेस्टंट बंधूंचाही उल्लेख करणें उचित होईल. फादर स्टीफन्स यांच्या मृत्यूनंतर बरोबर तीनशें वर्षांनीं, १९१९ सालीं, रेव्हरंड नारायण वामन टिळक निवर्तले. त्यांचें 'ख्रिस्तायन' अपुरें राहिलें. लक्ष्मीबाईंनीं तें पुढें नेलें. कृपेच्या ज्या प्रश्नावरून सोळाव्या शतकांत पाश्चात्य ख्रिस्ती जगाचीं शकलें झालीं, त्यावर ३१ ऑक्टोबर १९९९ रोजीं आउग्सबुर्ग येथें कॅथोलिक पवित्र सभा व ल्यूथरन मंडळ्यांचा जागतिक संघ यांनीं एका संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. आपल्या पुण्याईमुळें नव्हे, तर केवळ ख्रिस्ताच्या तारणकार्यावरील विश्वासानें, कृपेनें देव आपला स्वीकार करतो, आणि मग पवित्र आत्मा सत्कृत्यांसाठीं आपणांस बळ देतो, हा त्या घोषणेचा गाभा आहे.

आतां हिंजवडीकडे वळूं. मुळशी तालुक्यांतील हें भातशेतीचें गांव गेल्या शतकाच्या अखेरीपासून माहिती-तंत्रज्ञानाच्या उद्योगानें पार बदललें. वसई, नगर, गोवें, मंगळूर, केरळ अशा नाना ठिकाणांहून आलेलीं ख्रिस्ती कुटुंबें येथें एका वेदीभोंवतीं जमलीं. कोणी संगणकापुढें बसतो, कोणी गाडी चालवितो, कोणी फाटकावर पहारा करतो, कोणी चार घरचा स्वयंपाक करून आपलें घर चालविते. या सर्वांत एक गोष्ट समान आहे: प्रत्येकाच्या कामाचें माप घेतलें जातें. कोणाचें वर्षाअखेरीस श्रेणी देऊन, कोणाचें महिन्याच्या खाड्यांवरून. कामाचें माप घेणें यांत मुळांत वाईट कांहीं नाहीं. ज्या तेराव्या लिओंनीं पुणें धर्मप्रांत स्थापिला, त्यांनींच १८९१ सालीं कामगारांच्या स्थितीवर विश्वपत्र लिहून, कुटुंब जगेल इतकें वेतन मिळणें हा श्रमणाऱ्याचा न्याय्य हक्क आहे, असें बजावलें. वेतन हा हक्क आहे. तें कोणी उपकार म्हणून देऊं नये.

घात होतो तो हें माप घेऊन आपण देवळांत शिरतों तेव्हां. मग प्रार्थनेचा हिशेब होतो, मिस्सेच्या हजेरीचा हिशेब होतो, आणि देव हा एक वरिष्ठ अधिकारी होतो. नोकरी सुटली म्हणून वेदीपुढें येण्यास संकोचणारा मनुष्य आम्हीं पाहिला आहे. जगानें आपणांस नापास केलें, तेव्हां देवानेंही केलें असेल, असें त्याच्या मनानें घेतलें होतें. अशा माणसासाठीं नाताळचा अर्थ समजणें ही पंडिती चर्चा नव्हे. तो त्याच्या जगण्याचा प्रश्न आहे. प्रभूनें द्राक्षमळ्याच्या दाखल्यांत याचें उत्तर देऊन ठेविलें आहे. दिवस मावळतां मावळतां धनी पुन्हां चौकांत जातो, आणि कोणीच कामास न बोलाविल्यामुळें तेथें उभे असलेले मजूर त्यास दिसतात. मजूर अड्ड्यावर दुपारनंतर उभा राहिलेला मनुष्य ज्यानें पाहिला आहे, त्यास तो दाखला दुसऱ्या कोणी समजावून देण्याची गरज नाहीं. धन्यानें त्या एका तासाच्या मजुरांसही पुरा रोज दिला. पहांटेपासून राबणारे कुरकुरले. पण त्यांचें कांहीं कमी झालें नव्हतें.

तीच गोष्ट नवसांची. दर सप्टेंबरांत आपल्यांतील अनेकजण हरेगांवच्या मतमाउलीच्या यात्रेस जातात. आम्ही त्या यात्रेचे चाहते आहों. आजारी मुलासाठीं आईनें पदर पसरावा, यांत अनुचित कांहींच नाहीं. मागणें हेंच लेंकराचें लक्षण आहे. परंतु मेणबत्ती ही किंमत नव्हे, ती आभाराची खूण आहे. मागणें पुरें झालें नाहीं, तर देवानें सौदा मोडला असें म्हणतां येत नाहीं. कारण सौदा कधीं झालाच नव्हता. त्यानें आपला पुत्र अगोदरच देऊन टाकिला आहे.

यावर कोणी विचारील, मग सत्कृत्यांचें काय? कृपा फुकट आहे तर आळशी राहिलें तरी चालेल काय? आमच्या मतें हा प्रश्न ज्यास कृपा भेटली त्याच्या मनांत येतच नाहीं. उपाशी माणूस जेवल्यावर कामास लागतो, आणि तें काम त्या जेवणाची किंमत नसतें. संत याकोब म्हणतो त्याप्रमाणें कृतीवांचून विश्वास निर्जीव आहे. परंतु फळांनीं मूळ विकत घेतल्याचें कोणी ऐकिलें नाहीं. साष्टीच्या अज्ञात लेखकूंनीं अकरा हजार ओंव्या हातानें उतरल्या, वसईच्या कुटुंबांनीं राजाश्रयावांचून श्रद्धा जपली, नगरच्या गोरगरिबांनीं टोमणे सोसून मुलांस बाप्तिस्मा दिला; हीं सर्व सत्कृत्येंच होत. तीं दान मिळाल्याचीं चिन्हें आहेत, दानाचें मोल नव्हेत.

म्हणून या ज्युबिलीच्या वर्षीं नाताळचा गोठा बांधतांना आमचें एकच सांगणें आहे. गोठा सुबक असावा, दिवे असावे, मुलांनीं गाणीं म्हणावीं. पण ज्याची नोकरी गेली आहे, ज्याच्या घरीं बोलाचाली बंद आहे, जो पुष्कळ वर्षें कुमसारास आला नाहीं, ज्याचें कूळ अजून कोणी दबक्या आवाजांत विचारतो, त्यास निरोप पोंचवावा. आधीं सुधार, मग ये, असा तो निरोप नसावा. धनगरांस तसें कोणी म्हटलें नव्हतें. शिंग फुंकलें गेलें आहे, सुटकेचें वर्ष उजाडलें आहे, आणि गव्हाणींतलें बालक कोणाच्याही योग्यतेची वाट पाहत थांबलेलें नाहीं. तेंच आपणां सर्वांस आपल्या कृपेंत राखो. आमेन.